रेडकर वहिनींनी बटण दाबलं नव्हतं

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. आधी वाटायचं, लोक हसतील. मग वाटायला लागलं, हसणार नाहीत... आणि ते जास्त वाईट. पण आता वय झालंय. बिल्डिंगमधली त्या वेळची निम्मी माणसं घरं विकून गेली. जी उरलीत त्यांच्या डोक्यात रेडकर वहिनींची एक गोष्ट पक्की बसलीय. ती मीच बसवलेली आहे, आणि ती खोटी आहे.

भूतखेत, करणी, आभास यांतलं मी काहीच मानत नव्हतो. सगळी नोकरी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका केमिकल कंपनीत, मीटर आणि गेज सांभाळण्यात गेली. काटा चुकीचं दाखवत असेल तर दोष काट्यात असतो नाहीतर वायरीत, एवढीच माझी श्रद्धा. आजही ‘मानतो’ असं म्हणवत नाही. फक्त पूर्वीसारखं हसू येत नाही.

ऐरोलीत आमची सात मजल्यांची सोसायटी. लिफ्ट एकच. मी पहिल्या मजल्यावर राहतो, आणि रिटायर झाल्यावर सेक्रेटरीपद गळ्यात पडलं. वर मशीन रूममध्ये लिफ्टवाल्या कंपनीने एक डबा लावलेला होता. आत मोबाईलसारखं सिमकार्ड. लिफ्ट बंद पडली की त्यातून कंपनीला मेसेज जायचा, आणि आत अडकलेल्याने घंटीचं पिवळं बटण दाबलं की माझा फोन वाजायचा. मग लिफ्टमधल्या स्पीकरवरून त्याच्याशी बोलता यायचं.

एका उन्हाळ्यात हे फोन सुरू झाले. दुपारी जेवून जरा लवंडलं की स्क्रीनवर नाव यायचं — ‘लिफ्ट’. उचलला की नुसती खरखर. त्या खरखरीत कुणीतरी धापा टाकतंय... आणि मग एकच शब्द. “भाऊजी...” की कट.

बिल्डिंगमध्ये मला भाऊजी म्हणणारं माणूस एकच. सहाव्या मजल्यावरच्या रेडकर वहिनी. रेडकर माझा जुना दोस्त, तो गेल्यापासून वहिनी एकट्याच राहायच्या. मुलगा पुण्याला. आवाज त्यांचाच होता, यात मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही.

मी लगेच खाली इंटरकॉम लावायचो. वॉचमन पाटीलमामा, घणसोली गावातले.

“मामा, लिफ्टमध्ये कोण आहे?”

“कोनी नाय साहेब. लिफ्ट खालीच उबी हाय. रिकामी.”

“आत्ताच उतरल्या असतील.”

“मी हितंच बसलोय ना! माज्या समोरून कोन जाईल? भूत?”

मामा हसायचे. मी वैतागायचो.

शेवटी एकदा फोन येताच तसाच वर गेलो. वहिनींनी दार उघडलं. आत टीव्ही मोठ्याने चालू, हाताला कणीक लागलेली. धाप वगैरे काही नाही.

“मी कशाला दाबू हो ते बटण? माझ्याकडे मोबाईल आहे की. तुमच्याशी बोलायला लिफ्टमध्ये जाऊन बसू? या आत, चहा टाकते.”

मी आत गेलो नाही. माझ्या कानांवर माझा जास्त विश्वास होता.

पुढच्या सर्वसाधारण सभेत लिफ्टचा विषय निघाला आणि मी सगळ्यांसमोर बोललो. म्हटलं, एकटेपणा असतो, मी समजू शकतो, पण इमर्जन्सीचं बटण म्हणजे खेळणं नव्हे. नाव घेतलं नाही. माना मात्र सगळ्यांच्या वहिनींकडे वळल्या. मागून कुणीतरी म्हणालं, “वहिनी, आता डायरेक्ट व्हिडिओ कॉलच करा भाऊजींना!” हशा पिकला. एका विधवा बाईला उद्देशून ते वाक्य काय होतं हे कळण्याइतका मी नक्कीच मोठा होतो. तरी मीही हसलो.

वहिनी उठल्या. “उद्यापासून त्या लिफ्टला माझं बोट लागणार नाही. मग बघा फोन येतात का.”

फोन बंद झाले! एकही आला नाही. लोक म्हणाले, बघा, सेक्रेटरींनी बरोबर ओळखलं.

वहिनी जिना चढू लागल्या. गुडघे आधीच गेलेले. माझ्या दारावरून त्यांच्या चपलांचा आवाज वर जायचा. दम घ्यायला त्या प्रत्येक मजल्यावर थांबायच्या, हे मला नंतर लोकांनी सांगितलं. माझ्या मजल्यावर कधी थांबल्या नाहीत.

मग लिफ्टवाल्या कंपनीचं पत्र आलं. जुनं मोबाईल नेटवर्क बंद होत चाललंय, सगळीकडचे जुने डबे काढून फोर-जीचे बसवतोय. काम करायला शिंदे नावाच्या टेक्निशियन बाई खांदेश्वरहून आल्या. मीही वर गेलो, जुनी सवय. त्या नवीन डब्याचं पॅकिंग सोडत होत्या तेवढ्यात मी जुन्या डब्याचं झाकण उघडलं.

घंटीच्या बटणाची वायर उंदराने खाल्लेली होती. दोन टोकं लोंबत होती, आणि त्यांचं तांबं पार हिरवं पडलेलं. असं तांबं मी आयुष्यभर पाहिलंय. ते महिन्या-दोन महिन्यांत हिरवं होत नाही. ही वायर त्या उन्हाळ्याच्या कितीतरी आधी तुटलेली होती. खाली कुणी दिवसभर बटण दाबून धरलं असतं तरी माझा फोन वाजला नसता.

“सर, तुमचं बटण बंदच होतं की,” शिंदेबाई म्हणाल्या. “कुणी तक्रार नाही केली?”

मी म्हटलं, “नाही.”

त्यांनी वायर बदलली, नवा डबा लावला. लिफ्टमध्ये जाऊन फोन करून पाहिला. आवाज इतका स्वच्छ, जणू शेजारी बसून बोलतायत. माझ्या मोबाईलवर ऍपही टाकून दिलं — लिफ्ट कुठे आहे, आत वजन किती, बटण दाबलंय का, सगळं दिसायचं.

खाली उतरताना वहिनींचं दार उघडं होतं. त्यांनी मला पाहिलं आणि मान फिरवली. तिथेच थांबायला हवं होतं. मी ठरवलं, चारचौघांत बोललो तर चारचौघांतच सांगू, पुढच्या सभेत. मग सभेची तारीख मीच पुढे ढकलत राहिलो.

आणि एका दुपारी फोन वाजला. ‘लिफ्ट’.

“भाऊजी... चौथ्याच्या वर बसलेय, जिन्यात. उठवत नाही. कुणाला तरी पाठवा.”

खरखर नाही, काही नाही. तीच धाप. उन्हाळ्यात ऐकलेली, अगदी तीच.

मी ऍप उघडलं. लिफ्ट तळमजल्यावर. वजन शून्य. बटण दाबलेलं नाही. मनात म्हटलं, नव्या डब्यालाही तोच रोग. फोन कापला आणि शिंदेबाईंना लावला. मी तावातावाने तक्रार सांगत होतो तेव्हा वहिनी माझ्या डोक्यावर तीन मजले वर पडून होत्या. वर जाऊन बघावं असं सुचलं नाही का? सुचलं. पण लिफ्ट रिकामी दिसत होती. शिवाय खरंच वहिनी भेटल्या तर बोलावं लागलं असतं.

बऱ्याच वेळाने पाटीलमामांनी दार बडवलं. चौथ्या मजल्यावरच्या बाईंना वहिनी दिसल्या होत्या. आम्ही त्यांना खुर्चीत बसवून खाली आणलं. त्यांचा मोबाईल घरात चार्जिंगला होता. मामा शपथेवर सांगत होते, “दुपारपासून लिफ्ट हलली नाय साहेब.” शिंदेबाईंनी डबा तपासला. त्यांच्या मते त्यातून फोन गेलाच नव्हता. माझ्या मोबाईलवर मात्र तो आलेला दिसत होता.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलमध्ये गेलो. वहिनी शुद्धीवर होत्या.

“भाऊजी, तुम्हाला किती हाका मारल्या हो... मनातल्या मनात. तोंडातून आवाजच निघेना.”

मुलगा शेजारी उभा होता. “काका, हिला लिफ्टने जायला तुम्हीच सांगा ना. माझं ऐकत नाही. तुमचं ऐकेल.”

वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. “काही सांगायचंय का?”

मुलगा होता, नर्स होती. मी म्हटलं, “उद्या येतो निवांत.” सकाळी निघालोच होतो, तेवढ्यात मुलाचा फोन आला. पहाटे गेल्या.

शेवटच्या फोनचं एक वेळ सोडून देतो. पण त्या उन्हाळ्यात वहिनी टीव्हीसमोर कणीक मळत होत्या. मग धाप कुणाची होती? त्या तर तेव्हा जिना चढतही नव्हत्या. माझ्यामुळे त्या जिना चढू लागल्या, आणि मी तसं वागलो ते त्या धापेमुळे. हे कुठून सुरू झालं ते मी अजून शोधतोय. सापडत नाही. सेक्रेटरीपद केव्हाच सोडलं. दुपारी कुणाचाही फोन वाजला तरी उठून बसतो.

लिफ्टला उलट फोन लावता येतो. आपण लावला की आतला स्पीकर आपोआप सुरू होतो. गेल्या महिन्यात एका दुपारी ऍपमध्ये लिफ्ट रिकामी दिसली आणि मी लावला. आतल्या पंख्याची घरघर ऐकू आली. बोलायचं सगळं जुळवून ठेवलं होतं... तुम्ही बटण दाबलं नव्हतं, मला कळलं होतं, तरी गप्प बसलो, माफ करा.

“वहिनी...” मी म्हटलं.

तेवढ्यात दार उघडल्याचा आवाज झाला. कुणीतरी आत शिरलं. “हॅलो? कोण बोलतंय?”

मी फोन ठेवला.