साहेबाचा पावसाळी संघ

निजामाच्या राज्यात नव्या जालन्यात स्टेशनाजवळ कापसातली सरकी काढायचं एक जिनिंग होतं. मी तिथे कामाला होतो. कापूस यायला लागला की यंत्रं सुरू व्हायची ती उन्हाळ्यापर्यंत चालायची, पावसाळ्यात सगळं बंद. ते रिकामे दिवस मला खायला उठायचे. एका जागी बसवत नसे. म्हणून यंत्रांची देखभाल करणाऱ्या इंग्रज साहेबाने आम्हा कामगारांचा फुटबॉलचा संघ काढला, तेव्हा सगळ्यात आधी मी पुढे झालो.

साहेब उंच, लाल मानेचा, बोटं सतत चाळवणारा. मोडक्यातोडक्या हिंदुस्थानीत त्याने एकदा सांगून टाकलं होतं, की त्याच्या मुलखात, कोळशाच्या खाणीच्या एका गावात, तो संघाचा मॅनेजर होता. एकही सामना न जिंकल्यामुळे हिवाळ्याआधीच त्याला काढलं. "एक मॅच. सिर्फ एक मॅच जीतना है," तो म्हणायचा. मालकाने जिनिंगचं आवार खेळायला दिलं होतं ते कापूस येईपर्यंतच. कापसाच्या गंज्या लागल्या की साहेबाची मॅनेजरकी संपणार. त्यामुळे तोही बेचैन आणि मीही बेचैन. आमचं जमलं ते त्यामुळेच.

हरण्यात मात्र आम्ही काही कसर ठेवली नाही. रेल्वेवाल्यांनी हरवलं, पलटणीने हरवलं. दर वेळी आम्ही चिखलावर खापर फोडायचो. नाचता येईना, अंगण वाकडं! पळायला आम्ही कुणाला ऐकत नव्हतो. चेंडू थेट गोलपर्यंत न्यायचो आणि तिथे जाऊन थांबायचो. साहेब टोपी काढून जमिनीवर आपटायचा. "मारा क्यों नहीं?"

आम्ही एकमेकांकडे बघायचो. संघातले बहुतेक जण एकाच गावचे, आणि पुढे खेळणारा एक जण आमच्या पाटलाचा मुलगा. शेवटची लाथ त्याची, हे कुणी ठरवलेलं नव्हतं. तो अंगाने जड. तो येईपर्यंत चेंडू पायाखाली धरून ठेवायचा, इतकंच. तोवर समोरचे सगळे तिथे गोळा व्हायचे.

पोळ्याला आम्ही साहेबाला गावी नेलं. वेशीत तोरण बांधलेलं, डफडं वाजत होतं, आणि शिंगं रंगवलेली, झुली घातलेली बैलं ओळीने उभी होती. पाटलाच्या मानाच्या बैलाचा साज काही आटपेना. तरणी बैलं फुरफुरत पुढे ओढत होती आणि प्रत्येक धनी कासरा मागे ताणून उभा होता. साहेबाने विचारलं, रस्ता मोकळा आहे, मग जात का नाहीत?

संघातच खेळणारा माझा चुलतभाऊ म्हणाला, "पाटलाचा बैल म्होरं गेल्याबिगर कसे जातील, साहेब?"

साहेब बराच वेळ त्या ताणलेल्या कासऱ्यांकडे बघत राहिला. घोडं कुठे पेंड खातंय ते त्याला कळलं होतं.

शेवटचा सामना जालन्यातल्याच मस्तगडच्या पोरांशी होता. ती आमच्याहून कच्ची. साहेबाने पाटलाच्या मुलाला त्या दिवसापुरतं घरी राहायला सांगितलं. तो भला माणूस. "बराबर हाय. बघा माझ्याबिगर जमतंय का," म्हणाला आणि खरंच आला नाही.

सामना संपत आला तरी गोल कुणाचाच नव्हता. तेवढ्यात मला चेंडू मिळाला, तो मी चुलतभावाकडे ढकलला. त्यांचा गोलकीपर चिखलात घसरून पडला होता. समोर सगळं उघडं. साहेब उठून उभा राहिला. मी जिवाच्या आकांताने ओरडलो, "मार!"

भावाने पाय उचलला आणि तसाच खाली ठेवला. चेंडू पायाखाली दाबून तो मागे वळून बघायला लागला. मागे कुणी नव्हतं. त्यांच्या एका पोराने चेंडू काढून घेतला, आणि तो तसाच पळत जाऊन आमच्यावर गोल करून मोकळा झाला.

साहेब रागावला नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं. त्याने हळू विचारलं, "किसकी राह देखी?"

भाऊ रडकुंडीला आला होता. "कोनाची न्हाई, साहेब. धाकले पाटील मागं हायेत का, येवढंच बघून राह्यल्तो."

मी त्याला सगळ्यांसमोर बैल म्हणालो. आणखीही बरंच बोललो. दसऱ्यानंतर कापूस आला, आवारात गंज्या लागल्या. साहेब पुढच्या पावसाळ्याआधीच नोकरी सोडून गेला. कुठे गेला, कुणाला ठाऊक नाही. तो एक सामना त्याला मिळायला हवा होता, असं मला अजून वाटतं.

पुढच्या पोळ्याला वडिलांचा गुडघा धरला म्हणून आमची जोडी मी वेशीत नेली. तरणी बैलं, अंगात मस्ती. मानाच्या बैलाला नेहमीसारखा उशीर. रस्ता मोकळा, बैलं पुढे ओढून राहिलेली, आणि मी उभ्या उभ्या त्या उशिराला शिव्या घालत होतो. हात दुखायला लागला तेव्हा खाली बघितलं. कासऱ्याचे वेढे मुठीला घेऊन मी तो पाठीमागे घट्ट ताणून धरला होता.

शेजारी चुलतभाऊ उभा होता. तो माझ्या मुठीकडे बघत होता.