ज्वारीच्या डब्यातली मूठ

भुताखेतांचं मला काही सांगू नका. पॅथॉलॉजी लॅबमध्ये अख्खी नोकरी काढली मी. काचेखाली दिसतं ते खरं, बाकी सगळ्या गप्पा. गल्लीत कुणाच्या अंगात आलं तर बायका मला बोलवत नाहीत, मी आधी शुगर तपासायला लावते म्हणून! तर अशी मी. आणि तरी हे लिहितेय, कारण मागच्या उन्हाळ्यात जे झालं ते मला अजून कोणत्याच फळीवर नीट लावून ठेवता आलेलं नाही.

आमचं गारखेड्यात छोटं रो-हाउस आहे. स्वयंपाकघराला लागून कोठीची खोली... चार फूट बाय पाच, खिडकी नाही, दार एकच. माझा जीव त्या खोलीत. प्रत्येक डब्याला पांढरी चिकटपट्टी, त्यावर नाव आणि भरल्याची तारीख. जुना माल पुढं, नवा मागं. आणि डबा संपला की घासायचा, गच्चीवर कडक उन्हात वाळवायचा, मगच नवं धान्य. तळाशी जुनं राहिलं की किडे झालेच म्हणून समजा.

यावरनं सासूबाईंशी माझं आयुष्यभर वाजलं. त्या म्हणायच्या, "डब्याचं बूड दिसू द्यायचं नाय गं. मूठभर जुनं ठिवायचं, त्यावर नवं वतायचं. बरकत जाते घराची." मी म्हणायची, "बरकत जात नाही, किडे येतात." शेवटी संधिवातानं त्यांची बोटं आखडली, तरी कोठीच्या दारात खुर्ची टाकून माझ्यावर नजर ठेवून असायच्या. त्यांना जाऊन आता तीन वर्षं झाली.

तर मागच्या उन्हाळ्यात मी ज्वारीचा डबा घासून, वाळवून फळीवर ठेवला. दुसऱ्या दिवशी नवी ज्वारी ओतायला झाकण काढलं... तळाशी मूठभर ज्वारी! म्हटलं, माझंच ध्यान नसेल. पण पुढच्या वेळी डबा संपला तेव्हाही तेच. मी ती काट्यावर टाकली. छत्तीस ग्रॅम.

आता घरात माणसं चार. एक मी. दुसरे हे, म्हणजे आमचे मिस्टर, ज्यांना तूरडाळ आणि हरभराडाळ वेगळी सांगता येत नाही. तिसरा मुलगा समीर, कंपनीतनं आला की ताटावर बसणार, एवढीच त्याची स्वयंपाकघराशी ओळख. राहिली कोण? नवी सून ऋतुजा. अजिंठ्याकडच्या शेतकरी घरातली, साधी, कामाला वाघ. मला आवडायची ती. पण माझ्या कोठीत मला न विचारता हात घातलेला चालत नाही म्हणजे नाही.

"ऋतुजा, डब्यात ज्वारी तू ठेवतेस?"

"नाय आई."

"मग मूठ भरून दाखव."

होय, असं केलं मी. समोर तिच्या सासऱ्यांना उभं करून, चोर पकडल्यासारखं, सुनेच्या मुठीतली ज्वारी काट्यावर तोलली. बावन्न ग्रॅम भरली. तरी माझं तोंड बंद होईना. "मुद्दाम जास्त घेतलीस," म्हटलं. "आजपासून कोठीत पाय टाकायचा नाही."

तिचे डोळे भरून आले. "आमच्यात बी डबा पुरा रिकामा करत नाय, आई. पण ठिवली असती तर ठिवली म्हणलं असतं. खोटं कशाला बोलू?"

चार दिवसांनी ती माहेरी गेली. आणि समीर मला अगदी शांतपणे म्हणाला, "आई, मी बजाजनगरला खोली बघतोय. कंपनी पण जवळ पडंल." कंपनी! लग्नाआधी चार वर्षं इथनंच जात होता की. एकुलता एक मुलगा घर सोडून निघाला होता, आणि कशापायी, तर मूठभर ज्वारीपायी.

पण मी म्हणजे मी. माझं बरोबर आहे हे सिद्ध करायचंच होतं. तोवर ज्वारी संपलीच होती, नवी आणली नव्हती, घरात ज्वारीचा दुसरा दाणा नव्हता. डबा घासला, वाळवला. ह्यांना आत हात फिरवायला लावला. झाकण घट्ट बसवलं आणि कोठीला कुलूप घातलं. किल्ली माझ्या पर्समध्ये.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला, लख्ख उजेडात, ह्यांच्यासमोर कुलूप काढलं. कुठं उंदराची लेंडी नाही, काही नाही. झाकण इतकं घट्ट की चमच्याच्या दांड्यानं उचकटावं लागलं.

तळाशी ज्वारी. काट्यावर सदतीस ग्रॅम.

ह्यांनी ती हातावर घेतली. म्हणाले, "आईची मूठ एवढीच भरायची गं." आणि बाहेर जाऊन बसले.

मला भीती वाटली असेल असं तुम्हाला वाटेल. छे! मला लाज वाटली. लेकरावर नाही नाही तो आळ घेतला होता मी. तिथंच उभ्या उभ्या ऋतुजाला फोन लावला. "चुकलं माझं. घरी ये," एवढंच बोलता आलं.

ती पलीकडनं म्हणाली, "आई, मला वाटलं तुम्हीच ठिवता... मला घरातनं काढायला."

फोन हातात धरून मी रडले. सासूबाई गेल्या तेव्हाही एवढी रडले नव्हते.

रविवारी समीर तिला घेऊन आला, सोबत माहेरच्या ज्वारीचं पोतं. ती कोठीच्या उंबऱ्याशीच थांबली, आत येईना. मी तिला हात धरून आत घेतलं, त्या सदतीस ग्रॅमवर तिच्या हातानं नवी ज्वारी ओतवली आणि कुलूप भंगारवाल्याला देऊन टाकलं. बजाजनगरच्या खोलीचा विषय समीरनं परत काढला नाही.

उत्तर? नाही माझ्याकडे. उंदीर म्हणावं तर झाकण घट्ट. ह्यांची मूठ पण तोलली मी, एकोणऐंशी भरली. आता डब्याचं बूड आमच्या घरात कुणी बघतच नाही. ऋतुजा मूठभर ठेवते, तळाशी कडुलिंबाचा पाला टाकते, आणि किडेसुद्धा झाले नाहीत, काय सांगायचं! हे मधूनच म्हणतात, "एकदा रिकामा करून बघू या ना, सोक्षमोक्ष लागून जाईल."

आयुष्यभर लोकांचे रिपोर्ट दोन-दोनदा तपासले मी. हा एक नाही तपासणार. परत झाकण काढलं आणि तळाशी काहीच नसलं, तर मला सोसायचं नाही.