शॉवर टेस्टला गेलेली लेन्स

मी लेखक नाही. आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोहोचलेला मीच पहिला, आणि लेन्सच्या कामातही अजून शिकतोच आहे. तरीही लिहायला बसलो, त्याबद्दल आधीच माफी मागतो.

सकाळी कॉलेज आणि दुपारनंतर थेरगावात रियाजभाईंचं कॅमेरा रिपेअरचं दुकान, असा माझा दिवस असतो. त्या शनिवारी पोहोचलो तर कारखान्यांचे फोटो काढणाऱ्या वैद्य मॅडम काउंटरवर भडकलेल्या.

“वॉटरप्रूफ म्हणून घेतली होती मी ही लेन्स!”

“वॉटरप्रूफ नाही मॅडम, वेदर सील्ड,” रियाजभाई म्हणाले. “रेनकोट घालून कुणी विहिरीत उडी मारतं का?”

लेन्स मीडियम फॉरमॅटची होती. म्हणजे नेहमीपेक्षा मोठा सेन्सर असलेल्या कॅमेऱ्याची. काचा मोठ्या, वजन भरपूर. वेदर सीलिंग म्हणजे पाऊस आणि धूळ बाहेर राहावी म्हणून सांध्यांत बसवलेल्या रबराच्या कड्या. मॅडमच्या लेन्समधून मात्र सगळं धुरकट दिसत होतं.

सोमवारी त्यांचं चाकणच्या एका कार कंपनीत शूट होतं, तेही शॉवर टेस्टचं. तयार गाडीवर चहूबाजूंनी पाणी मारून ती गळते का, हे तिथे बघतात. तशी दुसरी लेन्स भाड्याने मिळत नव्हती. सर्व्हिस सेंटरला पाठवली तर महिना जाणार.

“हे काम हुकलं तर ते मला परत बोलावणार नाहीत,” मॅडम म्हणाल्या. आता आवाज उतरला होता.

मी टॉर्च लावून पाहिलं. आत पाणी नव्हतंच. काचेवर तेलाचे बारीक ठिपके होते, आणि मागची रबरी कडी एकाच जागी आत दुमडली होती. जुनं रबर सगळीकडून झिजतं. इथे कशाने तरी जोर लावला होता.

ते ठिपके ओळखीचे वाटले. माझे वडील चाकणला प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून गाडीचे भाग बनवतात तिथे, कामाला आहेत. शिफ्ट सुटली की तिथे सगळे एअर गनने अंगावर हवा मारून घेतात. शर्ट, बूट, मशीन, जेवणाचा डबा, सगळ्याला हवा. त्या हवेतून कॉम्प्रेसरचं तेल येतं. बाबांच्या शर्टावर असेच ठिपके असतात.

मी बिचकतच विचारलं, “मॅडम, लेन्सवर कुणी हवा मारली होती का?”

त्या म्हणाल्या, “याच कंपनीत मागच्या शूटला धूळ बसली होती. तिथला एक जण म्हणाला, ‘द्या इकडं मॅडम, लगेच चकाचक करतो.’ इतक्या आपुलकीने म्हणाला, नाही कसं म्हणणार?”

रियाजभाई हसले. “रोग तू शोधलास ना? मग ऑपरेशनही तूच कर.”

“भाई, मी?”

“मग काय मॅडम करतील? बस.”

ते शेजारीच उभे राहिले, पण हात लावला नाही. मी मागचा भाग उघडला, काच पुसली, नवी कडी खाचेत बसवली. मग लेन्स एका बंद पडलेल्या कॅमेऱ्यावर लावली. कॅमेऱ्यात टिश्यू पेपर ठेवला आणि बाहेरून पाण्याचा स्प्रे मारला. टिश्यू कोरडा, काचही स्वच्छ. रियाजभाईंनी स्वतः टॉर्च लावून पाहिलं आणि लेन्स मॅडमच्या हातात दिली.

सील पाऊस अडवतं. कॉम्प्रेसरची हवा आणि मदतीची हौस त्याला अडवता येत नाही, एवढं मी शिकलो.

सोमवारी कॉलेजात लक्ष नव्हतं. संध्याकाळी दुकानात असताना फोन वाजला. मॅडमनी पाण्याच्या धारांतून बाहेर येणाऱ्या गाडीचा फोटो पाठवला होता, आरशासारखा स्वच्छ. खाली लिहिलं होतं: “लेन्स कोरडी. पुढच्या महिन्याचं कामही मिळालं. तो चकाचकवाला परत एअर गन घेऊन आला होता. म्हटलं, भाऊ, माझ्या बुटांवर मार.”