जांभूळसालींच्या रंगाचा अर्ज

विषय : टाकाऊ जांभूळसालींपासून काढलेला रंग खाद्यपदार्थांत वापरण्यास परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : पुतणी मुग्धा हिचा अर्ज. अक्षर माझे.

निवृत्त कारकुनाकडे किस्से फायलींसारखेच साचतात. जुने निकाली निघत नाहीत आणि नवे वर येऊन पडतात.

मुग्धाने औषध कंपनीतली नोकरी सोडून मानपाड्याला भाड्याने गाळा घेतला. खडवलीकडच्या एका कारखान्यात जांभळाचा गर काढतात, साली फेकतात. हिने त्या आणायच्या, रंग काढायचा, त्याच्या कणांवर स्टार्चसारखं कवच चढवून पावडर करायची. कवचामुळे रंग उन्हात उडत नाही. ठाण्याचा एक आइस्क्रीमवाला माल घ्यायला तयार आहे, पण आधी परवानगी दाखवा म्हणतो. गाळ्याचा करार वर्षाचा. तोवर कागद आला नाही तर यंत्रं उचलायची आणि परत नोकरी शोधायची.

*

गाळ्याचे मालक बाळारामशेठ. तिथे पूर्वी त्यांची भातशेती होती. टेम्पोतून सालींची पोती उतरताना पाहून त्यांनी मला बाजूला घेतलं.

"काका, आमच्या दारात लोक गुपचूप कचरा टाकून जातात. तुमची पोरगी टेम्पो करून आणते. घरात सगळं ठीक हाय ना?"

*

कोपरला राहणाऱ्या वहिनींनी, म्हणजे मुग्धाच्या आईने, लेकीच्या कौतुकापोटी पावडर ढोकळ्यात घातली. सोडा पडताच पीठ शेवाळी निळं झालं. मुग्धाने फोनवर सांगितलं, घाबरू नकोस, लिंबू पिळ. वहिनींनी ते वाफवून झाल्यावर पिळलं. जिथे थेंब पडला तिथे गुलाबी, बाकी निळा. पाहुण्यांनी बशा खाली ठेवल्या. शेवटी माझे थोरले बंधू म्हणाले, "आधी त्याचा रंग ठरू दे, मग खातो."

*

जोडपत्राशिवाय अर्ज करणं मला जमत नाही. मुग्धा नको म्हणत असताना मी अर्जाला दोन पारदर्शक पुड्या टाचल्या. 'अ' बिनकवचाची, 'ब' कवचाची. दोन्ही गर्द जांभळ्या. दोन्हींवर माझी तारखेसह सही.

तीन महिन्यांनी कार्यालयातून पत्र आलं : रंग किती काळ टिकतो याचा पुरावा जोडावा.

आम्ही दोघं गेलो. फाइल सापडेपर्यंत जेवणाची सुट्टी झाली आणि संपली. शेवटी ती खिडकीच्या कट्ट्यावर, उघडीच, भर उन्हात सापडली. आल्या दिवसापासून तिथेच होती. पुडी 'अ' चहाच्या चोथ्यासारखी तपकिरी. पुडी 'ब' कालच भरल्यासारखी जांभळी.

मुग्धाचे डोळे चमकले. "सर, हाच पुरावा. तारीख आहे, सही आहे."

टेबलावरच्या गृहस्थांनी दोन्ही पुड्या उजेडात धरून नीट पाहिल्या. माणूस प्रामाणिक होता.

"रंग टिकलाय, मॅडम. पण चाचणी आमच्या खिडकीत झालीये. आमची खिडकी मान्यताप्राप्त नाही."

मग त्यांनी फाइल उचलली आणि होती तिथे ठेवली.

करार संपायला दोन महिने आहेत. अर्ज विचाराधीन आहे.