बारा मासे आणि पाच काळे

शहाद्यात एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत ‘निजाम मॅचिंग सेंटर’ आहे. पाटीवर नाव निजामभाईंचं, पण रंग ओळखण्याची नजर पहिल्या दिवसापासून त्यांच्या बायकोची, शहाबानोची. नवरा गेल्यावरही तीस वर्षांची ही गादी तिने सोडली नाही. म्हसावदपासून लोणखेड्यापर्यंतच्या बायका साडी घेऊन यायच्या, शहाबानो ती दारातल्या उजेडात नेऊन एकदाच बघायची आणि शंभर थानांतून नेमकं एक ओढायची. परत बदलायला कुणी आलंच नाही, अशी तिची ख्याती. ती स्वतःही हे चारचौघांत सांगायला लाजत नसे.

मग डोळ्यांत मोतीबिंदू वाढला, आणि तो तिने लपवला. गेल्या संक्रांतीला लोणखेड्याच्या रूपलीबाईच्या काळ्या साडीला तिने काळा म्हणून गडद निळा ब्लाउजपीस दिला. हळदीकुंकवाला उन्हात बसल्यावर सगळ्या आळीने तो पाहिला. रूपलीबाई शिवलेला ब्लाउज घेऊन दुकानात आली, आणि चार गिऱ्हाइकांसमोर तिने तो काउंटरवर आपटला. शहाबानोला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवसापासून गादीवर मुलगा सकलैनच बसू लागला.

वर्षभरात दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. दुसरी पट्टी निघाली तेव्हा शहाबानोला घरातली निळी बादली इतकी निळी दिसली, की ती हसतच सुटली. आता दुकान, असं ती मनात म्हणत होती. सकलैनने मात्र तिच्यासाठी काचेची पेटी आणली आणि तिच्यात बारा निऑन टेट्रा सोडले. बोटाच्या पेराएवढे मासे, अंगावर निळा पट्टा, शेपटीकडे लाल.

“अम्मी, आते दुकाननी फिकर सोड. मासा देख, आराम कर.”

या घरात एरवी हिंदी चालते, पण वाद निघाला की मायलेक दोघंही अहिराणीवर येतात. “मी मासास्कडे देखस, मासा मन्हाकडे देखतस,” शहाबानो म्हणाली. “याले आराम म्हनतस का?”

पेटीच्या मागच्या काचेवर सकलैनने हौसेने देखावा चिकटवला होता. निळा समुद्र, लाल-केशरी पोवळी आणि वर एक बुडालेलं जहाज. एवढ्या देखाव्यात मासे कुठे दिसेनात. ते फिल्टरमागच्या कोपऱ्यात एकमेकांना चिकटून बसले, आणि दोन दिवसांत त्यांचा रंग धुतल्यासारखा उडाला. सकलैनने समुद्र काढून हिरवं जंगल लावलं, जंगल काढून चकचकीत चंदेरी कागद लावला. त्यात स्वतःचंच प्रतिबिंब बघून मासे आणखी घाबरले.

“बिमार शेतस हाई मासा. शुक्रवारले परत करी टाकसू.”

“मासा बिमार नहीत. तुन्हा कागद बिमार शे.”

शहाबानोला हे पोथ्या वाचून कळलेलं नव्हतं. फुलाफुलांच्या कापडावर साडी पसरली की साडी मरते, म्हणून तिच्या काउंटरवर तीस वर्षं साधं काळं कापड अंथरलेलं असे. एवढी अक्कल आपल्या पोराने दुकानात बसून शिकू नये, याचा तिला मनापासून राग आला. रागाच्या भरात ती पैज लावून बसली.

“मी मांगे कपडा लावस. गुरुवारलोंग मासा भाईर उनात, ते शनवारपाइन दुकानमा मी बठसू.”

“आनि नही उनात ते?”

“ते दुकानना इषय खलास.”

गुरुवारपर्यंत मासे बाहेर आले तर गादी अम्मीची, या पैजेला सकलैन लगेच हो म्हणाला. त्याला वाटलं, बरं झालं, कटकट मिटली. बोलून गेल्यावर शहाबानो मात्र गुरुवारपर्यंतचे दिवस बोटांवर मोजू लागली.

बुधवारी सकाळी सून अतिका दुकानातून काळ्या कापडाचे पाच तुकडे घेऊन आली. शहाबानो ते घेऊन दारातल्या उजेडात उभी राहिली. पहिल्याला लाल झाक. दुसऱ्याला हिरवट. तिसरं साटीन, ते चकाकणार, म्हणजे पुन्हा चंदेरी कागदाचीच गत. चौथं टू बाय टू रुबिया, साधं सुती, अंगात जराही चमक नाही, स्वच्छ काळं. पाचवा तुकडा हातात घेऊन ती थांबली. तिने तो दोनदा उलटा-सुलटा केला.

“हाऊ काया नही, निया शे,” त्या गडद निळ्यावर बोट ठेवून ती म्हणाली. “रूपलीबाईले हाऊच दिधा व्हता. यामा कोनी ठेवा?”

अतिका पदराआड हसू लागली. परीक्षा घ्यायला सकलैननेच तो आत सरकवला होता. शहाबानोला राग यायला हवा होता, पण आला आनंद, आणि तोही असा की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. नव्या डोळ्यांतलं पहिलंच पाणी ते.

रुबियाला तिने कडक इस्त्री केली आणि तो तुकडा मागच्या काचेवर बाहेरून टेपने ताणून लावला, एकही सुरकुती राहू दिली नाही. दुपारपर्यंत काही घडलं नाही. जेवायला आलेला सकलैन पेटीकडे बघून नुसता खाकरला. ती रात्र शहाबानोने कूस बदलण्यात काढली.

गुरुवारी सकाळी चहाचा कप घेऊन ती पेटीसमोर आली आणि कप हातातच राहिला. बाराही मासे मधोमध होते. एक वळला की बारा वळत होते, आणि प्रत्येकाच्या अंगावरचा निळा पट्टा दिवा लावल्यासारखा पेटला होता.

“सकलैन!” तिने अशी हाक मारली की शेजारचा भिकन न्हावीसुद्धा वस्तरा हातात घेऊन धावत आला.

सकलैनने पेटीसमोर उकिडवं बसून बाराही मासे मोजले. मग उठला आणि दुकानातल्या गादीची खोळ धुवायला टाक, असं अतिकाला म्हणाला.

शनिवारी शहाबानो गादीवर बसली. संक्रांत चार दिवसांवर आली होती, आणि दुपारी नेमकी रूपलीबाईच पिशवी घेऊन दारात उभी राहिली. काउंटरवर शहाबानोला बघून तिचा चेहरा पडला. काळी साडी तिने हळूच सकलैनपुढे सरकवली.

सकलैनने साडीला हात लावला नाही. “अम्मीले दखाडा, मावशी.”

शहाबानोने साडी दारातल्या उजेडात नेली, एकदाच बघितली, तिच्या काळ्यातली लाल झाक हेरली, आणि येऊन तसंच लाल झाकेचं काळं थान ओढलं. रूपलीबाईने तुकडा आणि साडी दोन्ही उचलून थेट रस्त्यावर भर उन्हात नेलं. तिथे एकावर एक ठेवलं, उलटं केलं, सुलटं केलं. रिक्षावाला हॉर्न वाजवून थकला तरी ती हलली नाही.

मग ती आत आली, शहाबानोसमोर बसली आणि पिशवीतून दुसरी साडी काढली. ती तिने दुसऱ्या दुकानात दाखवायला म्हणून ठेवली होती.

“आपा,” ती म्हणाली, “हाई बी देखी ले.”