कोपरीच्या काळुरामाचा गडगडाट

कोपरीच्या मिठागरावर काळुरामाच्या शब्दाला किंमत होती. वैशाखात मिठाच्या राशी उघड्या पडलेल्या असतात. तो वर बघून "उठा" म्हणाला की पन्नास माणसं गवत टाकून राशी झाकायला धावत. चुकला असा कधी नाही.

चुकला तो नाटकात. सन १८९१मध्ये ठाण्यात एका संगीत कंपनीने मांडव घातला. पहिल्याच खेळात इंद्र कोपला, आत ढग गडगडले आणि जमिनीवर बसलेला काळुराम "उठा" म्हणून ओरडला. अख्खं मिठागर चपला टाकून खाडीकडे पळालं. आकाशात चांदण्या. खुर्चीवरचे वकील-कारकून हसून हसून आडवे झाले. त्यांना राशी झाकायच्या नसतात, हसायला काय जातं?

दुसऱ्या दिवसापासून त्याने मान वर केली की पोरीबाळीसुद्धा म्हणत, नाटकवाल्यांना विचारून ये. खरा ढग आला आणि मिठागरवाले असेच बसून राहिले, तर वर्षाचं मीठ पाण्यात जाणार. म्हणून तो माझ्याकडे, ठाण्याच्या वर्तमानपत्रात लिहिणाऱ्याकडे, आला. म्हणाला, तो गडगडाट मला आतून बघायचाय.

कंपनीचे मालक श्रीपादराव म्हणाले, पडद्यामागे फक्त प्रतिष्ठित मंडळींना नेतो. मी विचारलं, टाळ्यासुद्धा फक्त प्रतिष्ठितांच्याच घेता का? माझा आवाज चढलेला बघून त्यांनी वाट दिली. मिठागरवाले थट्टा बघायला कनातीबाहेर जमलेच होते. तिथेच दोरीवर राण्यांचे शालू वाळत होते.

आत महाराणी लुगडं गुडघ्यावर घेऊन दाढी करत होती. इंद्राचं सिंहासन म्हणजे सोनेरी कागद चिकटवलेलं खोकं. स्वर्गाला उंदरांनी भोक पाडलेलं. श्रीपादरावांनी आम्हाला महिपतच्या हवाली केलं आणि बाहेर पान जुळवायला गेले. महिपत हा कंपनीचा ढग. उतरत्या लाकडी पन्हाळीतून तो दगडी गोळे पत्र्यावर सोडायचा. त्याने सगळे एकदम सोडून दाखवले.

काळुराम म्हणाला, "तुझा ढग एका जागी बसून बोंबलतो. खरा ढग चालत येतो."

त्याने एक लहान गोळा हळूच सोडला. थांबला. मग दोन. पुन्हा थांबला, बराच वेळ. मग उरलेले सगळे.

बाहेर एकच आरडाओरड. आम्ही कनात उचलून पाहिलं, तर श्रीपादराव तोंडातलं पान सांडत, "शालू, माझे शालू" करत दोरीवरचं सगळं ओढून काखोटीला मारत होते.

काळुरामाची बायको बायजा शांतपणे म्हणाली, "मालक, ऊन हाय."

मिठागर हसलं. काळुराम हसला नाही. तो त्या रात्री मांडवात टाकलेल्या चपला शोधत होता.

कंपनी पुढे कल्याणला गेली. तिथल्या जाहिरातीत 'नवीन विलायती मेघगर्जना' छापून आली. विलायत कोपरीच्या खाडीत असेल, तर छापणाऱ्याचं बरोबर आहे.

पंधरा दिवसांनी भर दुपारी, लख्ख उन्हात, काळुराम वर बघून "उठा" म्हणाला. ढगाचा पत्ता नव्हता. पण गवताचा पहिला भारा बायजाने उचलला, आणि मागून सगळे उठले. शेवटची रास झाकली तेव्हा पहिला थेंब पडला.