अख्ख्या घराचा पंखा

वाऱ्यावर इतका अविश्वास असलेला माणूस समुद्राकाठी कसा जन्मला, याचा उलगडा मला अजून झालेला नाही. मालवणात आमच्या शेजारी राहणारे काका बंदरावरच्या कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झाले होते. आयुष्यभर त्यांनी आल्यागेल्या मालावर नजर ठेवली. निवृत्तीनंतर आल्यागेल्या वाऱ्यावर ठेवू लागले. संध्याकाळी पेटती उदबत्ती घेऊन ते घरभर फिरत आणि प्रत्येक दारा-खिडकीशी थांबून धूर कुठे वळतो ते डोळे बारीक करून बघत. नवख्या पाहुण्याला वाटे, काय हा भाविक माणूस! तो हात जोडून उभा राही, आणि काका खेकसत, "बाजूला व्हा, तुम्ही प्रवाह अडवताय." शास्त्राचं काही असलं की ते कचेरीतलं शुद्ध मराठी बोलत, मालवणी फक्त राग आणि जेवण यांच्यासाठी राखलेली. एकदा दारात टोपली उतरवणाऱ्या मासेवालीलाही त्यांनी असंच बाजूला व्हायला सांगितलं. ती म्हणाली, "वारो इकत घेतलास काय, काका? त्यापरीस बांगडे घे. ते तरी दिसतत."

गावात वीज आली आणि ज्याला परवडला त्याने टेबलपंखा आणला. काकांना त्याचा तिटकारा. "तोच गरम वारा, तोच घामाघूम माणूस, पंखा फक्त दोघांची पुन्हा पुन्हा गाठ घालून देतो." त्यांच्या मते वारा घालायचा तो माणसाला नव्हे, घराला. मंगलोरी कौलांखाली, माळ्यावर, दिवसभराची उष्णता कोंडते. तिथे वरच्या तिकोनी भिंतीत एकच मोठा पंखा बसवायचा, त्याने ती हवा बाहेर फेकायची, की खिडक्यांतून समुद्राचा वारा आपणहून आत येतो. एक घर, एक पंखा. हे म्हणणं अगदी बरोबर होतं. काकांचं दुर्दैव असं, की त्यांचं म्हणणं बहुतेक वेळा बरोबरच असे.

काकींना दमा होता. स्वयंपाकघर मागच्या अंगाला, अंधारं, आणि चूल लाकडाची. त्या एका हाताने भाकरी फिरवत आणि दुसऱ्या हाताने सुपाने वारा घेत. "माका एक इवलोसो पंखो हाडून दिया. घराचा मगे बघा," असं त्यांनी म्हटलं, की काका शांतपणे समजावत, "चुलीसमोर पंखा लावला तर धूर घरभर होईल." हेही बरोबर. "तुमचो वारो येईसर माझो जीव जातलो," असं म्हणून काकी हसत, आणि त्यांचं हसू खोकल्यात संपे.

मुंबईहून आलेल्या माहितीपत्रकांची चाळण होऊन शेवटी दोन पंखे उरले: एक मोठा, संथ फिरणारा, दुसरा लहान, वेगाचा. त्या दोघांत काकांचे काही उन्हाळे गेले. मोठ्याकडे त्यांचा ओढा होता, पण घाईने निर्णय घेणं त्यांना असंस्कृतपणाचं वाटे. शेवटी काकीच एका सकाळी देवळात गेल्या आणि त्यांनी कौल मागितला. गुरवाने देवीच्या अंगाला ओल्या कळ्या लावून गाऱ्हाणं घातलं, "मोठो पंखो घेवचो आसात तर उजवो दी, गो माये." उजव्या बाजूची कळी आधी पडली, म्हणजे देवीचा होकार. काकी लगबगीने घरी आल्या. आणि तिथेच घोटाळा झाला. देवीचं मत आपल्या मताशी जुळलं म्हटल्यावर काकांना मोठ्या पंख्याबद्दल संशय येऊ लागला. "देवीला आपल्या माळ्याचं माप ठाऊक आहे काय?"

"माप म्हायत नसात तिका," काकी म्हणाल्या, "पण माझो जीव म्हायत आसा."

काकांनी उदबत्ती पेटवून पहिल्यापासून सुरुवात केली.

पुढच्या उन्हाळ्यात काकींचा दमा इतका वाढला, की डॉक्टरांनी त्यांना धुरापासून लांब ठेवायला सांगितलं. मुंबईला नोकरी करणारा मुलगा त्यांना बोटीने घेऊन गेला. धक्क्यावर त्या काकांना म्हणाल्या, "पंखो बसलो की कळवा. परत येतंय." आठवड्याच्या आत काकांनी पंखा मागवला. मोठा. देवीचा विषय कोणी काढला नाही. पण पंखा येऊन गवंड्याने भिंतीत भोक पाडीपर्यंत पावसाळ्यासाठी बोटी बंद झाल्या, आणि त्या पुन्हा सुरू झाल्या तेव्हा मुंबईच्या डॉक्टरांनी काकींना प्रवास आणि चूल दोन्ही कायमची वर्ज्य केली होती.

त्यानंतर कधीतरी मी मुंबईला निघालो होतो, तर काकांनी मला हाक मारून थेट स्वयंपाकघरात नेलं. ते स्वतः चुलीपुढे उकिडवे बसले, नारळाची सोडणं रचली, फुंकून फुंकून डोळे लाल केले. मग बटण दाबलं. वर घरघर सुरू झाली. धूर जरा घुटमळला आणि ओळीने माळ्याकडे चढून दिसेनासा झाला. पुढच्या खोलीचा पडदा फुगला आणि खारा, गार वारा आमच्या पाठीला लागला. काकांनी आणखी एक सोडण चुलीत सारलं. मग शास्त्राची गोष्ट प्रथमच मालवणीत बोलले, "तिका सांग. धूर आता हंय रवणा नाय म्हणून."

मी सांगितलं. मुलाच्या दोन खोल्यांत, तीच हवा गोल फिरवणाऱ्या छताच्या पंख्याखाली बसून काकींनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "पण चूल कोणी पेटयली?"

"काकांनीच."

"तेंनी?" त्यांनी तोंडावर हात ठेवला आणि खोकला येईपर्यंत हसल्या. "येवढा आयुष्य गेला, तेंका चुलीकडे बसलेले कधी बघूक नाय. आता बसले, तर मी हंय!" खोकला ओसरल्यावर म्हणाल्या, "पंखो बरो आसा म्हण तेंका. आणि सोडणां माळ्यार ठेवा म्हणावं, पावसात भिजतली."

एवढं बोलून त्यांनी वर फिरणाऱ्या पंख्याकडे एकदा पाहिलं, आणि पदराने वारा घेऊ लागल्या.